मंडळीतील मतभेद : कोणापुढे आणि कोणत्या क्रमाने

लखनौ शहरातील जुनी ख्रिस्ती उपासनामंदिरे हजरतगंज व लालबाग या भागांत आहेत. गोमती नदीपलीकडचे गोमती नगर त्या मानाने अगदी अलीकडचे. लखनौ विकास प्राधिकरणाने आखून वसविलेले. अशा नव्या वसाहतीत जी मंडळी जमते तिचे स्वरूप जुन्या मंडळीहून वेगळे असते. कोणी अवधचा, कोणी छोटा नागपूरचा, कोणी केरळचा, तर एखादा बदलीच्या नोकरीपायी नगर जिल्ह्यातून येऊन पडलेला मराठी गृहस्थ. हे लोक एकमेकांना लहानपणापासून ओळखत नाहीत, एकमेकांच्या लग्नाकार्यांत ते वाढलेले नाहीत. रविवारचे दोन तास आणि उरलेल्या आठवड्यात भ्रमणध्वनीवरील व्हॉट्‌सॲपचा गट, एवढाच त्यांचा परस्परांशी संबंध. तेथील हिंदी भाषक ख्रिस्ती ज्या मंडळीला ‘कलीसिया’ म्हणतो ती आता पुष्कळ अंशी या गटातच नांदते.

समजा, अशा एका मंडळीची वार्षिक सभा झाली. इमारत निधीचा हिशेब लेखापरीक्षकाकडे असल्यामुळे तो पुढील महिन्यात मांडू, असे खजिनदारांनी सांगितले. एका सभासदाचे समाधान झाले नाही. परंतु सभेत तो काही बोलला नाही. रात्री साडेअकरा वाजता त्याने दोनशे जणांच्या गटावर लिहिले की, हिशेब मिळत नाही, याचा अर्थ ज्याने त्याने समजून घ्यावा. खजिनदार तेव्हा झोपले होते. सकाळी त्यांनी पाहिले तो खाली चाळीस-पन्नास उत्तरे जमलेली. कोणी त्यांची बाजू घेतली होती, कोणी दहा वर्षांपूर्वीचा एक जुना खर्च उकरून काढला होता, कोणी नुसतेच हात जोडल्याचे चित्र टाकले होते. आणि एकाने त्या साऱ्या मजकुराचे छायाचित्र दिल्लीला राहावयास गेलेल्या एका जुन्या सभासदाकडे रवाना केले होते. आदल्या दिवशी प्रश्न एकच होता, हिशेबाचा. आता दोन झाले : हिशेबाचा आणि खजिनदारांच्या अब्रूचा. पहिला प्रश्न एका संध्याकाळी वह्या उघडून सुटण्याजोगा होता. दुसरा कित्येक वर्षे सुटत नाही, हे ज्यांनी मंडळीत आयुष्य काढले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

हे उदाहरण कल्पित असले तरी प्रकार नित्याचा आहे. येथे चूक नेमकी कोठे झाली? हिशेब मागण्यात निश्चितच नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे हा सभासदाचा हक्क आहे आणि कर्तव्यही. चूक झाली ती श्रोते निवडण्यात.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात (ओव्या १५ ते १७) या बाबतीत एक स्पष्ट कार्यपद्धती सांगितली आहे. भावाने आपला अपराध केला तर प्रथम दोघांनीच एकांतात बोलावे; त्याने ऐकले नाही तर आणखी एक-दोन जणांना बरोबर न्यावे; त्यांचेही ऐकले नाही तर मग मंडळीला कळवावे. या नियमाचे सारे सामर्थ्य त्याच्या क्रमात आहे. वाद मिटविण्यास जेवढी माणसे पुरेशी तेवढ्यांपुढेच तो न्यावयाचा, आणि लहान वर्तुळ अपुरे ठरल्यावाचून मोठ्या वर्तुळात शिरावयाचे नाही. याला भक्तिभावापलीकडचे एक व्यावहारिक कारणही आहे. एका माणसापुढे ‘माझे चुकले’ म्हणणे कठीण असले तरी शक्य असते. दोनशे माणसांपुढे, त्यातही आपली सून, आपला जावई, आपल्या हाताखालचे कारकून वाचत असताना, ते जवळजवळ अशक्य होते. मोठ्या जमावापुढे माणूस आपली बाजू मांडत नाही. तो आपला बचाव करतो. व्हॉट्‌सॲपच्या गटाने हा क्रम उलटा करून टाकला आहे. तेथे तिसरी पायरी पहिली येते, आणि पहिली बहुधा येतच नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की, अंत्युखियात आपण पेत्राला सर्वांदेखत विरोध केला. मग प्रेषितानेच जे केले ते आम्ही का करू नये? याचे उत्तर त्याच प्रसंगात आहे. पेत्राचे वर्तन स्वतःच उघड्यावर घडले होते. परराष्ट्रीय बांधवांबरोबरच्या पंक्तीतून तो सर्वांसमक्ष उठला होता आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले होते. जो दोष चारचौघांत घडला त्याचे निवारणही चारचौघांत व्हावयास हवे, हे खरे. पण तेथेही पौलाने पेत्राच्या पाठीमागे अंत्युखियातील लोकांना काही लिहून पाठविले नाही. तो त्याच्या तोंडासमोर बोलला. करिंथ येथील तटांविषयी लिहितानाही आपल्याला ही बातमी ख्लोवेच्या माणसांकडून कळली, असे तो नाव घेऊन सांगतो. ‘काही जणांचे म्हणणे आहे’ या निनावी शब्दप्रयोगाचा आसरा त्याने घेतला नाही. आपल्याकडील गटांवर हा शब्दप्रयोग किती मुबलक वापरला जातो, ते वाचकांनी आठवून पाहावे.

योगायोग असा की, अंत्युखियातील याच प्रसंगाचा अर्थ कसा लावावा यावरून चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती जगातील दोन थोर विद्वानांमध्ये वितुष्ट येण्याची वेळ आली होती. बेथलेहेमात राहणाऱ्या जेरोमने आपल्या भाष्यात असे प्रतिपादिले होते की, पौल व पेत्र यांचा तो वाद खरा नव्हता, लोकांच्या हितासाठी केलेला तो एक देखावा होता. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथे असलेल्या तरुण ऑगस्टीनला हे पटले नाही. पवित्र शास्त्रात असा देखावा मान्य केला तर त्यातील कोणत्याच विधानावर विश्वास ठेवता येणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने जेरोमला पत्र लिहिले. ज्याच्या हाती ते जावयाचे होते तो बिशप झाला आणि प्रवासाला निघालाच नाही. ऑगस्टीनने सुमारे ३९७ मध्ये दुसरे, अधिक रोखठोक पत्र लिहिले. ते नेणारा समुद्रप्रवासाच्या भीतीने थांबला. पत्र मात्र थांबले नाही! त्याच्या नकला इटलीत हातोहात फिरल्या, आणि ज्याच्यासाठी ते लिहिले होते त्याच्या हाती मूळ पत्र पोहोचण्यापूर्वी ऑगस्टीनने तुमच्याविरुद्ध ग्रंथ लिहून रोमला पाठविला आहे, अशी बातमी त्याच्या कानी गेली. वृद्ध जेरोमच्या उत्तरांतील कडवटपणा वाचताना जाणवते ते हे की, त्याला मतभेदापेक्षा ही वाट अधिक बोचली होती. ऑगस्टीनने क्षमा मागितली, खुलासे केले, तरी गैरसमज पुरता निवळावयास ४०५ पर्यंतचा काळ जावा लागला. तेव्हा पत्र भलत्याच हाती पडण्यास वाहकाचा दोष आणि समुद्राची भीती लागत असे. आता एक बोट पुरते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या विषयाचा सर्वांत बोलका दाखला पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सापडतो. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी व त्यांची कन्या मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनी संघातील सिस्टर जेराल्डिन यांना त्या ‘आजीबाई’ म्हणत. या संबोधनात जिव्हाळा होता. परंतु तो जिव्हाळा रमाबाईंच्या बुद्धीला गप्प बसवू शकला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या १८८४ पासून शिकू आणि शिकवू लागल्या, आणि तेथून वाँटेजला जी पत्रे जाऊ लागली त्यांत एकामागून एक मतभेद उभे राहिले. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना जसाच्या तसा स्वीकारता येईना. चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांत विरोध आला तर कोणाचे ऐकावे, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे हे आई ठरविणार की संघ, यावरून दोघींत कडाक्याचा वाद झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, या प्रश्नात तर हिंदुस्थानातील बिशपांनीही आपले मत घातले.

ही पत्रे आज वाचताना काही ठिकाणी अंगावर काटा येतो, इतकी ती तिखट आहेत. जेराल्डिन यांना रमाबाईंत अहंकार दिसत होता. रमाबाईंना जेराल्डिन यांच्या बोलण्यात धर्मापेक्षा हुकमत दिसत होती. दोघींपैकी कोणाची बाजू बरोबर होती, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. (माझा कौल रमाबाईंकडे झुकतो, हे मात्र लपविण्यात अर्थ नाही.) पाहावयाचे ते हे की, इतका तीव्र वाद होऊनही संबंध का तुटला नाही. एक तर प्रत्येक पत्राला नावाचा धनी होता. रमाबाईंचा संताप ‘आजीबाईं’ना उद्देशून होता, वाँटेजच्या भोजनगृहाला उद्देशून नव्हता. दुसरे, पत्र लिहिणे आणि ते पोहोचणे यांत एक रात्र जात असे. लिहिलेले सकाळी पुन्हा वाचता येत असे, प्रसंगी फाडताही येत असे. तिसरे, या वादात एक मध्यस्थ होती : महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील. रमाबाईंच्या शंका म्हणजे बंडखोरी नव्हे, त्यांना वेळ दिला पाहिजे आणि त्यांच्या प्रश्नांना प्रश्न म्हणूनच उत्तरे दिली पाहिजेत, अशी त्यांची भूमिका होती. आणि ती त्यांनी वरिष्ठांना पत्रे लिहून मांडली. मत्तयाने सांगितलेली ‘आणखी एक-दोन जणां’ची जी दुसरी पायरी, ती येथे अशी प्रत्यक्ष उतरलेली दिसते. साक्षीदार म्हणजे आपल्या बाजूने ओरडणारा सोबती नव्हे. दोघांचेही म्हणणे ज्याला समजते आणि दोघांनाही ज्याचा धाक वाटतो, तो साक्षीदार.

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या, पण आजीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. जेराल्डिन यांनी ती पत्रे जपली, उतारवयात आपल्या टीपांसह जुळविली, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखाली ती प्रसिद्ध केली. म्हणजे तो वाद अखेरीस सार्वजनिक झालाच. परंतु दोघींच्या पश्चात, संपूर्ण स्वरूपात, आणि दोन्ही बाजूंसह.

याच रमाबाईंच्या आयुष्यात याच्या उलट घडल्याचेही उदाहरण आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढील वर्षी ते पुण्यास नेले. सदनातील काही विधवा मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा आहे, अशा आशयाचा मजकूर अमेरिकेतील एका ख्रिस्ती नियतकालिकात आला. तेथील देणगीदारांना आनंद व्हावा म्हणून लिहिलेला तो मजकूर पुण्यातील वृत्तपत्रांच्या हाती पडला, आणि एका वर्तुळासाठी लिहिलेले शब्द दुसऱ्या वर्तुळात वाचले गेल्यावर काय होते, ते दिसून आले. सदनाविषयीचा संशय त्यानंतर कधी पुरता गेला नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्याला इतरही कारणे होती. परंतु ठिणगी लवकर पडली होती ती अशी.

छापील माध्यमात निदान एक उंबरठा असे : संपादक. १८४२ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेल्या ‘ज्ञानोदया’त मराठी ख्रिस्ती समाजाने आपले पुष्कळ वाद घातले. पण तेथे येणारे पत्र संपादक वाचून पाहत असे, आणि अंक निघेपर्यंत लेखकाचे डोकेही निवलेले असे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. मंडळ्यांनी परकीय मिशनांच्या अधीन किती काळ राहावे, याविषयी त्यांचे मिशनशी मतभेद होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या मागे लागले. असे असूनही १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत मिशनच्याच पत्राचे संपादन ते करीत राहिले. मतभेद आणि विच्छेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिढीला ठाऊक होते. आज रागाच्या भरात माणूस प्रथम गट सोडतो. ‘अमुक व्यक्तीने गट सोडला’ ही ओळ मग सर्वांना दिसते आणि तीच नव्या वादाचे बीज होते.

तेव्हा आजच्या गटाला उंबरठा कसा घालावा? यंत्रात काही सोयी आहेत, त्या फार थोडे लोक वापरतात. केवळ व्यवस्थापकांनाच लिहिता येईल असा बंदोबस्त २०१८ पासून करता येतो. वाद पेटल्यास एक रात्र गट असा बंद ठेवण्यात कोणाचाही मुखभंग नाही. २०२२ पासून व्यवस्थापकाला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी पुसता येतो. लिहिलेल्या संदेशात पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्ती करण्याची सोय २०२३ मध्ये आली. परंतु व्यवस्थापक म्हणजे बहुधा मंडळीतील एखादा उत्साही तरुण. ज्येष्ठांचा संदेश पुसण्याचा धीर त्याला कोठून यावा? म्हणून गट चालविण्याचे नियम पाळक व पंचांनी सभेत ठरवून दिले पाहिजेत : सूचना, आजाऱ्यांसाठी प्रार्थना व उपासनेच्या वेळा गटावर, व्यक्तीविषयीची कोणतीही तक्रार गटावर नाही, पैशाविषयीचे प्रश्न लेखी स्वरूपात चिटणिसाकडे, आणि त्यांना अमुक दिवसांत उत्तर. यांतील शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. जेथे प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळत नाही तेथे माणसे गटावर लिहितात, आणि त्यांना पूर्ण दोष देता येत नाही. सभासदाने लिहिलेल्या मजकुराबद्दल, समान हेतू असल्याचे दिसल्याखेरीज, व्यवस्थापकाला गुन्हेगार धरता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला. पण कायद्याची जबाबदारी टळली म्हणून मंडळीची टळत नाही.

लखनौच्या मंडळीला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. उत्तर प्रदेशात धर्मांतरविषयक कायदा २०२१ मध्ये झाला आणि २०२४ च्या दुरुस्तीने कोणत्याही व्यक्तीला त्याखाली तक्रार करण्याची मुभा मिळाली. एका सभासदाने दुसऱ्याला रागाने लावलेला ‘माणसे कशी आणतोस ते ठाऊक आहे’ असा टोमणा घरात नुसता टोमणा असतो. तोच बाहेर गेला म्हणजे कोणाच्या हाती पडेल आणि त्याचा काय अर्थ केला जाईल, हे टोमणा मारणाऱ्याच्या हाती राहत नाही.

याच लखनौमध्ये १९०७ साली लालबागच्या इंग्रजी भाषक मंडळीचा पाळक म्हणून एक तरुण अमेरिकन मिशनरी आला होता : ई. स्टॅन्ले जोन्स. पुढे त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना एकत्र बसवून ‘गोलमेज’ बैठकी घेतल्या आणि १९२८ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. बैठकीचा दंडक असा की, प्रत्येकाने धर्माचा आपल्या जीवनात आलेला अनुभव सांगावा. दुसऱ्याच्या म्हणण्याचे खंडन करू नये. १९३० मध्ये सातताल येथे त्यांनी आश्रम काढला, त्यात पाठीमागे टीका न करण्याचे बंधन आश्रमवासीयांनी स्वतःवर घालून घेतले होते. टीकेला बंदी नव्हती. ती तोंडावर करावी लागे, एवढेच. मला या दोन्ही गोष्टी आजच्या मंडळीत अवश्य आणण्याजोग्या वाटतात. ‘खजिनदार हिशेब दडवितात’ हे खंडनमंडनाचे वाक्य आहे. ‘हिशेब न मिळाल्यामुळे मी पुढील वर्गणी देताना अडखळतो’ हा अनुभव आहे, आणि त्याला उत्तर देता येते.

मात्र एकांताच्या नियमाचा गैरवापरही होतो, आणि तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. अन्याय करणारा अधिकारी आणि सोसणारा दुर्बळ असेल, तेथे ‘आधी एकट्याने जाऊन बोल’ हा उपदेश क्रूर ठरतो. अशा वेळी पहिल्यापासूनच एक-दोघांनी बरोबर गेले पाहिजे. बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर कोणत्याच पायरीवर थांबावयाचे नाही : २०१२ च्या कायद्यानुसार ज्याला अशा अपराधाची माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मंडळीची इभ्रत हे ती दडविण्याचे कारण होऊ शकत नाही. येथे गटावर लिहिणेही अयोग्य आणि घरात मिटविणेही अयोग्य.

आता पुन्हा त्या रात्रीच्या संदेशाकडे वळू. तो लिहून झाला, पसरला. आता काय करावे? व्यवस्थापकाने गट सकाळपर्यंत बंद करावा. लिहिणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी खजिनदारांच्या घरी जावे. दूरध्वनी नको, प्रत्यक्ष जावे, आणि शक्य तर पंचांपैकी एखाद्या वडीलधाऱ्याला बरोबर न्यावे. खजिनदारांनी चहा विचारावा आणि लेखापरीक्षकाची पावती दाखवावी. वह्या केव्हा परत येणार ती तारीख लिहून द्यावी. संशय निराधार ठरला तर लिहिणाऱ्याने तसे कबूल करावे, पण कोठे? खजिनदारांच्या दिवाणखान्यात केलेली कबुली पुरेशी नाही. आरोप दोनशे जणांनी वाचला, तेव्हा तो मागे घेतल्याचेही त्याच दोनशे जणांनी, त्याच ठिकाणी, तितक्याच स्पष्ट शब्दांत वाचले पाहिजे. खजिनदारांनी त्याखाली एका ओळीत ती कबुली स्वीकारावी आणि हिशेबाची तारीख सर्वांना कळवावी. दिल्लीस गेलेले छायाचित्र काही परत येत नाही. ज्याने ते पाठविले त्यानेच त्या जुन्या सभासदाला दूरध्वनी करून पुढे काय झाले ते सांगावे.